चाचणीत क्लोरीन भरपूर दिसत असूनही तलावाचे पाणी हिरवे का होते?

मुळशीकर

नमस्कार. मुळशी तालुक्यात आमचे छोटे घर आहे आणि मागच्या अंगणात आठ मीटर लांब व पाच मीटर रुंद असा पोहण्याचा तलाव आहे. त्याची खोली एका टोकाला एक मीटर आणि दुसऱ्या टोकाला दीड मीटर आहे. सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यानंतर डॉक्टरांनी त्यांना पाण्यात चालण्याचा व्यायाम सांगितला, त्यामुळे हा तलाव आता आमच्याकडे हौसेचा राहिलेला नसून रोजच्या गरजेचा झाला आहे.

मागच्या ऑक्टोबरमध्ये फरश्या बदलल्यानंतर आम्ही तो बोअरच्या पाण्याने नव्याने भरला. तेव्हापासून देखभाल करणारे काका दर आठवड्याला दोनशे ग्रॅमच्या तीन क्लोरीन गोळ्या तरंगत्या डब्यात ठेवतात आणि रविवारी बॅकवॉश करतात, म्हणजे पाणी उलटे सोडून फिल्टर धुतात. हिवाळाभर पाणी उत्तम होते. मार्चच्या मध्यापासून मात्र पायऱ्यांच्या कोपऱ्यात, जिथे पाणी फारसे हलत नाही, तिथे हात फिरवला की बुळबुळीत लागू लागले आणि आता तर सकाळी सगळ्या पाण्यावरच हिरवट झाक दिसते. सासूबाईंचे डोळे चुरचुरतात आणि पाण्याला क्लोरीनचा उग्र वासही येतो.

माझ्याकडे दोन नळ्यांचा साधा चाचणी संच आहे. एका नळीत क्लोरीनमुळे पिवळा रंग येतो आणि दुसरीत पीएचप्रमाणे पिवळ्यापासून लाल रंगापर्यंतची छटा येते. क्लोरीन दरवेळी तीनच्या खुणेला जुळते आणि पीएच ७.२ येतो, म्हणजे सोबतच्या पट्टीप्रमाणे दोन्ही ठीक आहेत. काकांच्या मते गोळ्या पाच कराव्यात आणि जोडीला मोरचूद टाकावे. पाणी बदलायचे झाल्यास एप्रिलात टँकर मिळवणे सोपे नाही, म्हणून तो उपाय अगदी नाइलाज झाला तरच करावा असे वाटते. नेमके काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवळशंख

ताई, मोरचूद तूर्त टाकू नका आणि गोळ्याही वाढवू नका. मी नाशिक परिसरात चौदा वर्षे घरगुती तलावांची देखभाल करतो आहे. तुम्ही सांगितलेली लक्षणे मी ज्या ज्या तलावांत पाहिली आहेत, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी क्लोरीन कमी पडलेले नव्हते, तर ते बांधले गेलेले होते.

प्रथम चाचणीविषयी. पिवळा रंग देणारे द्रावण ऑर्थोटोलिडीनचे असते आणि बाजारात त्याला ओटी म्हणतात. ते पाण्यातले एकूण क्लोरीन दाखवते. त्यातले मोकळे किती आणि घाम, लघवी, शेवाळ यांच्याशी संयोग पावून निकामी झालेले किती, हे त्यातून कळत नाही. तुम्हाला येणारा उग्र वास आणि डोळ्यांची चुरचुर बहुधा त्या संयुक्त क्लोरीनचीच आहे, कारण चांगल्या पाण्याला इतका वास येत नाही. त्यासाठी डीपीडी संच घ्या, म्हणजे पाणी गुलाबी करणारा. त्यातली पहिली गोळी किंवा पूड मोकळे क्लोरीन दाखवते आणि तिसरी एकूण दाखवते. दोन्हींतला फरक हे संयुक्त क्लोरीन असते. ते अर्ध्या पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग) वर गेले की पाणी आजारी आहे असे समजावे.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या गोळ्या ट्रायक्लोरच्या, म्हणजे ज्यांना सगळे टीसीसीए म्हणतात त्या असणार. त्यांत सुमारे ९० टक्के उपलब्ध क्लोरीन असते, पण ते सायन्युरिक आम्लाला जोडलेले असते. याच आम्लाला तलाववाले स्टॅबिलायझर म्हणतात. ते थोडे असणे आवश्यकच आहे, कारण त्याच्याविना आपल्याकडच्या उन्हात बहुतेक क्लोरीन दोन-तीन तासांत उडून जाते. मात्र क्लोरीन खर्च होऊन जाते आणि हे आम्ल मागे उरते. ते बाष्पाबरोबर जात नाही, वाळूच्या फिल्टरमध्ये अडकत नाही आणि उन्हाने नष्टही होत नाही.

तुमचाच हिशेब करू. आठ गुणिले पाच गुणिले सरासरी सव्वा मीटर, म्हणजे ५० घनमीटर किंवा ५०,००० लिटर पाणी. दोनशे ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे १११ ग्रॅम सायन्युरिक आम्ल मिळते, म्हणजे तुमच्या तलावात गोळीमागे २.२ पीपीएम. आठवड्याला तीन गोळ्या धरल्या तर साडेसहा पीपीएम आणि ऑक्टोबरपासूनच्या सव्वीस आठवड्यांत जवळपास १७०. बॅकवॉशमध्ये गेलेले पाणी वजा केले तरी दीडशेच्या आसपास आकडा असायला हवा. हवे असते तीस ते पन्नास. मोकळे क्लोरीन या आम्लाच्या निदान साडेसात टक्के असावे, असा आम्ही व्यवहारात धडा पाळतो, आणि त्या हिशेबाने तुमच्या तलावाला ११ पीपीएम क्लोरीन लागेल. ३ पीपीएमवर शेवाळ वाढणारच. आणखी एक लक्षात घ्या, डीपीडी चाचणी या आम्लाने धरून ठेवलेले क्लोरीनही मोकळ्यातच मोजते, म्हणून सायन्युरिकचा आकडा शेजारी नसेल तर क्लोरीनच्या आकड्याला पुरता अर्थ नाही.

सायन्युरिकची चाचणी अशी असते. पाण्यात मेलामाइनचे द्रावण मिसळले की ते दुधासारखे गढूळ होते. तळाशी काळा ठिपका असलेल्या उंच नळीत ते हळूहळू ओतायचे आणि वरून पाहताना ठिपका दिसेनासा झाला त्या खुणेवरचा आकडा वाचायचा. ही चाचणी उजेडात, सूर्याकडे पाठ करून करावी. खुणा बहुधा १०० वर संपतात, म्हणून तलावाचे एक भाग पाणी आणि बोअरचे एक भाग पाणी असे मिसळून चाचणी करा आणि येणारा आकडा दुप्पट करा. सोबत पीएच, अल्कलिनिटी (पीएच सावरून धरणाऱ्या बायकार्बोनेटसारख्या क्षारांचे प्रमाण) आणि कॅल्शियमचा जडपणाही पाहा. बोअरचे पाणीही वेगळे तपासा, कारण तलावात वरून भर कशाची पडते हे कळल्याशिवाय पुढचे काही सांगता येणार नाही. नमुना पृष्ठभागावरून न घेता कोपरभर खोलीवरून आणि पाणी येणाऱ्या तोटीपासून दूर घ्यावा.

एक गोष्ट काकांना आजच सांगा. टीसीसीएच्या गोळ्या किंवा दाणे आणि ब्लीचिंग पावडर, मग ती ग्रामपंचायतीच्या विहिरीसाठी मिळणारी टीसीएल का असेना, कधीही एका डब्यात, एका मगात किंवा एका बादलीत येता कामा नये. एका बंगल्यावर ओलसर मगात टीसीसीएचे दाणे शिल्लक असताना माळ्याने त्यात ब्लीचिंग पावडर घेतली आणि क्षणात तो मग धूर ओकत वितळला. मग त्याच्या हातातून सुटला होता, म्हणूनच त्याचा चेहरा वाचला. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मुळशीकर

निवळशंख दादा, मनापासून आभार. पुण्याहून संच मागवून दोन दिवस सकाळी तपासले. तलावाचे आकडे असे आले: मोकळे क्लोरीन ३, एकूण ४, पीएच ७.२, अल्कलिनिटी १६०, कॅल्शियमचा जडपणा ४२०. सायन्युरिकसाठी अर्धे पाणी मिसळून ठिपका ७५ ला नाहीसा झाला, म्हणजे १५०. तुमचा अंदाज इतका नेमका निघाला की काकांनी स्वतः पुन्हा एकदा नळी भरून पाहिली.

बोअरच्या पाण्याची अल्कलिनिटी २८० आणि जडपणा ३२० आहे. परिचितांकडे येणाऱ्या टँकरच्या पाण्याचा नमुना मिळाला, त्यात अल्कलिनिटी ९० आणि जडपणा ११० आला. पाणी बदलायचे तर किती आणि कोणते भरावे?

खडूफळा

मी सांगलीला तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर मुलाच्या घरच्या तलावाची वही मीच ठेवतो. आपण दिलेल्या आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे आणि ती आत्ताच ध्यानात घेतली नाही, तर पाणी बदलल्यानंतर महिनाभराने आपल्याला दुसरीच अडचण येईल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे बहुधा भरपूर असतात. असे पाणी उघड्यावर खेळते राहिले की त्यातला कर्बवायू निघून जातो आणि पीएच वर चढत राहतो. आपल्या तलावाचा पृष्ठभाग ४० चौरस मीटर आहे. उन्हाळ्यात दिवसाला सहा मिलिमीटर पाणी उडाले असे धरले, तर रोज २४० लिटर भर घालावी लागते. उडते ते शुद्ध पाणी, भरले जाते ते क्षारांसह. एवढ्या बोअरच्या पाण्यातून महिन्याला सुमारे ४० पीपीएम अल्कलिनिटी वाढायला हवी. तशी ती वाढलेली दिसत नाही, कारण ट्रायक्लोरच्या गोळ्या आम्लधर्मी असतात आणि त्या ही अल्कलिनिटी आठवड्यागणिक खात होत्या. एक दोष दुसऱ्या दोषाला झाकत होता. गोळ्या बंद करून आपण द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे हायपो, वापरू लागाल, तेव्हा ते आम्ल मिळणे थांबेल, पीएच चढू लागेल आणि ७.८ च्या पुढे गेल्यावर हाच कॅल्शियम नव्या फरश्यांवर पांढरा थर होऊन बसेल.

पीएच वाढू देऊ नये याचे आणखी कारण असे की क्लोरीन पाण्यात दोन रूपांत असते आणि जंतूंना मारण्याचे काम मुख्यतः हायपोक्लोरस आम्ल करते. स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्यात पीएच ७.५ असताना साधारण निम्मे क्लोरीन या रूपात असते, तर ८ ला जेमतेम पाव उरते. स्टॅबिलायझर असलेल्या पाण्यात हा फरक एवढा तीव्र राहत नाही, पण डोळ्यांसाठी आणि फरश्यांसाठी ७.४ ते ७.६ हाच पट्टा सांभाळण्याजोगा आहे.

अल्कलिनिटीच्या १६० या आकड्यातही सायन्युरिक आम्लाचा वाटा आहे. या पीएचला त्याच्या आकड्याचा चौथा ते तिसरा हिस्सा अल्कलिनिटीत मोजला जातो, म्हणजे आपली खरी कार्बोनेट अल्कलिनिटी ११० ते १२० च्या दरम्यान आहे. म्हणून १६० पाहून आज लगेच आम्ल ओतू नये.

माझा सल्ला असा. १५० चे ६० करायचे तर साठ टक्के पाणी बदलावे लागेल, म्हणजे ३०,००० लिटर, दहा हजाराचे तीन टँकर. ४० वर आणायचे तर जवळजवळ चार लागतील. पाण्याची टंचाई पाहता आत्ता तीनच घ्यावेत आणि उरलेले काम पावसावर सोपवावे. भरायचे पाणी टँकरचेच असावे, कारण जडपणाही त्याने उतरेल: जुने चाळीस टक्के आणि नवे साठ टक्के मिळून तो २३४ च्या आसपास यायला हवा. तुटीची भर बोअरने घातली तरी चालेल, पण दर आठवड्याला पीएच पाहून आम्लाने ती सावरावी लागेल. ३३ टक्क्यांच्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक लिटर आपल्या तलावाची अल्कलिनिटी सुमारे १० पीपीएमने उतरवतो. एका वेळी अर्ध्या लिटरहून अधिक घालू नये. प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी घ्यावे आणि मग त्यात आम्ल ओतावे, याच्या उलट कधीही करू नये. पंप चालू ठेवून ते खोल भागात कडेने सोडावे. त्याच तासात क्लोरीन घालू नये, कारण हायपो आणि आम्ल एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पावसाळ्यात उलट वेळ येईल. पावसाच्या पाण्यात अल्कलिनिटी जवळजवळ नसते. ती ८० च्या खाली उतरलीच तर खाण्याचा सोडा वापरावा. दर हजार लिटरला १.६८ ग्रॅमने १ पीपीएम वाढते, म्हणजे आपल्याकडे १० पीपीएमसाठी ८४० ग्रॅम. धुण्याचा सोडा त्याऐवजी चालत नाही, कारण त्याने पीएच एकदम उसळतो.

जांभ्याची विहीर

रत्नागिरीजवळ आमचा ३०,००० लिटरचा तलाव आहे. मुळशीकर ताईंना दिलेला सल्ला योग्यच आहे, पण हा धागा कोकणातले लोकही वाचतील, म्हणून लिहिते. जांभ्यातून येणारे पाणी याच्या अगदी उलट वागते. आमच्या विहिरीच्या पाण्याचा जडपणा ४० होता. असे पाणी सिमेंटमधूनच कॅल्शियम ओढून घेते आणि दोन वर्षांत आमच्या फरश्यांचे सांधे बोटाने खरवडता येतील इतके मऊ झाले होते. जडपणा २४० पर्यंत नेण्यासाठी आम्हाला जवळपास नऊ किलो कॅल्शियम क्लोराइड लागले. ते पाण्यात विरघळताना बादली हाताला चटका बसेल इतकी तापते, म्हणून थोडे थोडे करून घालावे. आमच्या पाण्यात लोहही आहे. पहिल्यांदा हायपो घातल्यावर तासाभरात सगळा तलाव कोऱ्या चहाच्या रंगाचा झाला आणि आम्ही घाबरलो. ते विरघळलेले लोह होते, क्लोरीनने गंजासारखे बाहेर काढलेले. तुरटी फिरवून, रात्रभर पंप बंद ठेवून, सकाळी तळाचा गाळ फिल्टरमध्ये न नेता थेट बाहेर ओढून टाकल्यावर पाणी निवळले. तुरटीने पीएच आणि अल्कलिनिटी उतरते, तेवढे नंतर तपासावे लागते.

ताई, काढलेले ३०,००० लिटर पाणी ओढ्यात सोडू नका, क्लोरीनने मासे मरतात. गोळ्यांचा डबा आठ दिवस बाहेर काढून ठेवा, चाचणीत क्लोरीन जवळजवळ शून्य आले की मगच पाणी मोठ्या झाडांकडे, जागा बदलत बदलत सोडा. भाजीच्या वाफ्यांना ते देऊ नये, त्यात मीठ साठलेले असते.

मुळशीकर

तीन आठवड्यांनी परत लिहिते आहे, कारण मधल्या काळात एक चूक होता होता राहिली.

डबा काढून ठेवल्यावर नवव्या दिवशी मोकळे क्लोरीन नगण्य झाले. तेव्हा पाणी अधिकच हिरवे दिसत होते, पण धीर धरला. साठ टक्के पाणी आमराईत सोडले आणि तीन टँकर भरले. त्यानंतर सायन्युरिक ६०, जडपणा २४०, अल्कलिनिटी १२० असे आकडे आले. खडूफळा सरांनी काढलेला जडपणाचा आकडा आणि माझ्या थेंबांच्या चाचणीचा आकडा यांत एवढा थोडा फरक पाहून मला खरोखर आनंद झाला. त्या चाचणीत एकेक थेंब टाकताना लाल रंग निळा होईपर्यंत थांबावे लागते, आणि शेवटच्या थेंबाआधीचा जांभळा हाच शेवट समजून मी पहिल्यांदा फसले होते.

शेवाळ मारण्यासाठी निवळशंख दादांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे मोकळे क्लोरीन सायन्युरिकच्या चाळीस टक्के, म्हणजे २४ पीपीएमपर्यंत न्यायचे ठरले. दहा टक्क्यांच्या हायपोचा एक लिटर आमच्याकडे २ पीपीएम देतो, म्हणून संध्याकाळी बारा लिटर घातले. रात्री डीपीडीची चाचणी केली तेव्हा पाणी क्षणभर गुलाबी झाले आणि लगेच पांढरे पडले. मला वाटले क्लोरीन संपले, आणि मी आणखी सहा लिटर ओतण्यासाठी कॅन उचलला. काकांनी मला थांबवले आणि आधी विचारून घ्या म्हणाले. क्लोरीन फार वाढले की ते तो रंगच खाऊन टाकते, हे मला तेव्हा कळले. मग दोन मिलिलिटर तलावाचे पाणी आणि आठ मिलिलिटर पिण्याचे आरओचे पाणी मिसळून पाहिले. गुलाबी रंग साडेचारच्या खुणेवर टिकला, म्हणजे २२ ते २३. एवढ्या क्लोरीनमध्ये पीएचची नळीही जांभळट होऊन खोटे वाचन देते, म्हणून ती चाचणी बाजूला ठेवली.

पाच दिवस पंप अखंड चालवला, पायऱ्या आणि कोपरे रोज दोन वेळा ब्रशने घासले आणि फिल्टरचा दाब स्वच्छ असतानाच्या दाबापेक्षा आठ-दहा पीएसआयने (दाबमापकावरचे एकक) वाढला की बॅकवॉश केला. पहिल्या दिवशी तो तीनदा करावा लागला. सहाव्या दिवशी सूर्यास्तानंतर आणि पहाटे सूर्य उगवण्यापूर्वी क्लोरीन मोजले, तेव्हा रात्रभरात केवळ अर्धा पीपीएम घटले होते, म्हणजे क्लोरीन खाणारे शेवाळ आता उरले नव्हते. क्लोरीन सहावर उतरल्यावर सासूबाई पाण्यात उतरल्या. डोळे चुरचुरले नाहीत आणि बाहेर आल्यावर त्यांच्या पातळाला तो वासही नव्हता.

आता रोज संध्याकाळी साधारण एक लिटर हायपो जाते आणि मोकळे क्लोरीन पाच-सहाच्या दरम्यान राहते. पीएच खरोखरच चढू लागला आहे, दोन आठवड्यांत ७.४ वरून ७.७ झाला. काल अर्धा लिटर आम्ल घातले.

निवळशंख

फार चांगले झाले, आणि काकांनी तुम्हाला थांबवले याचे मला विशेष कौतुक वाटते. हायपोचा कॅन मोठा घेऊन ठेवू नका, मेच्या उन्हात त्याचा जोर झपाट्याने कमी होतो. एक लिटर घातल्यावर २ ऐवजी सव्वाच वाढू लागले, तर माल जुना झाला आहे असे समजा.

जूनमध्ये तलाव रिकामा मात्र करू नका. जमिनीतले पाणी वर आलेले असताना रिकामा तलाव खालून उचलला जाऊन फुटू शकतो. त्याऐवजी पावसाआधी पातळी वीतभर उतरवा आणि पाऊस त्यात पडू द्या. तुमच्या पृष्ठभागावर हजार मिलिमीटर पाऊस पडला तर ४०,००० लिटर पाणी फुकट मिळेल, आणि सायन्युरिक त्याने बरेच खाली येईल. दर पंधरा दिवसांनी काळ्या ठिपक्याची चाचणी करत राहा. आकडा तीसच्या खाली गेला, तर आठवडाभर दोन गोळ्या डब्यात ठेवायला हरकत नाही.